घारीला मराठी येतं का

कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या झाडून सगळ्या मराठी घरांना एक गोष्ट ठाऊक होती: दिगंबरकाका थत्त्यांसमोर केस्ट्रलचं नाव काढायचं नाही. काढलंच, तर चहाचा कप दुसऱ्यांदा भरेपर्यंत उठायची आशा धरायची नाही.

केस्ट्रल ही विलायतेतली आकडेमोडीची यंत्रं बनवणारी कंपनी. तिच्या प्रत्येक यंत्राच्या कपाळावर एक इवलासा पितळी पक्षी असे, पंख पसरून हवेत थांबलेला. काका पंचविशीत खिदिरपूरला एका जहाज कंपनीच्या कचेरीत लागले, तेव्हा त्यांच्या टेबलावर केस्ट्रलचं दांडा फिरवायचं बेरजेचं यंत्र होतं. तिथेच जमलं. पुढे कचेरीनं यंत्रं बदलली, काकांनी मात्र कंपनी बदलली नाही. मोडीत निघालेलं ते बेरजेचं यंत्र त्यांनी घरी आणलं. केस्ट्रलनं खिशात मावणारा कॅल्क्युलेटर काढला, तोही आला. दुसऱ्या कंपनीचा कॅल्क्युलेटर कुणी कौतुकानं दाखवला की काका तो हातात घेत, उलटून पाहत आणि परत देताना म्हणत, "चालतो ना? मग झालं तर." स्थळाचा फोटो परत करतात ना, अगदी तसं.

आणि मग केस्ट्रलनं घरात ठेवायचा कॉम्प्युटर काढला.

काकांचा भाचा चारुदत्त मालवाहू जहाजावर अधिकारी होता. त्यानं तो आणला. गोदीत कस्टमच्या साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?" आणि काकांनी सांगायला सुरुवात केली. साहेब बंगाली, म्हणजे गप्पांना सहसा न कंटाळणारे. पण शेवटी तेही घड्याळाकडे बघू लागले. रीतसर जकात भरून काका टॅक्सीनं घरी आले, तेव्हा खोकं त्यांच्या मांडीवर होतं. मागे डिकीत ठेवू दिलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर राहणारी लीना गोळे नेमकी तेव्हा जिन्यात होती. "दार धर गं," काका म्हणाले. तिनं दार धरलं आणि खोक्याच्या मागोमाग आत गेली, ती जणू पुढचं वर्षभर त्या घरातच राहिली.

ही लीना तेव्हा अगदी मुकी मुलगी होती. म्हणजे बंगालीत नव्हे. शाळेच्या बसमध्ये सुचित्रा नावाच्या तिच्या मैत्रिणीशी ती इतकं बोलायची की कंडक्टर हात जोडायचा. मुकी होती ती मराठीत. बाबांच्या बँकेनं त्यांना कलकत्त्याला पाठवलं तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिच्या मराठीत सगळं होतं, फक्त ळ नव्हता. जिथे ळ यायला हवा तिथे ल येई, आणि तिला ते ऐकूही येत नसे. एका सुट्टीत पुण्याला ती मामाकडे म्हणाली, "चला ना, वेल झाली." मामेभाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "कसली वेल? जाईची की जुईची?" मग ती म्हणाली, "माझे डोले दुखतात," तर सगळी भावंडं जागच्या जागी डोलायला लागली. त्या दिवसापासून तिनं घराबाहेर मराठी बोलणं सोडलं. मंडळाच्या गणपतीत कुणी काही विचारलं की ती फक्त हसायची. सगळ्यांना वाटायचं, काय गुणी मुलगी आहे.

केस्ट्रलला हे काहीच माहीत नव्हतं. तिला पडदा नव्हता, म्हणून टीव्हीला जोडावं लागे. जोडली की काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका लुकलुकत वाट बघत बसे. तुम्ही काही लिहायचं. चुकलं, की ती फक्त विचारायची: AGAIN? बस, एवढंच. हसायची नाही, डोलायची नाही. लीनानं पहिल्या रविवारी इतक्या चुका केल्या की माणूस असतं तर उठून गेलं असतं. केस्ट्रल प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे म्हणे, पुन्हा? आणि लीना पुन्हा करायची. कुणी आपल्या चुकीकडे असं नुसतं चूक म्हणून बघू शकतं, हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

तिथूनच तिला धीर आला. एका दुपारी ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, मला तो ल शिकवा. तुमच्यासारखा. दुसरा."

काकू वाईच्या. लग्न होऊन कलकत्त्याला आल्या, तरी त्यांची वाणी कृष्णाकाठची राहिली होती. काका मात्र जन्मानं कलकत्त्याचेच. त्यांचं मराठी जेवढ्यास तेवढं. काकूंनी लाटणं खाली ठेवलं. "जिभेचं टोक वर उचल. आता मागे वळव, आणि सोड. तव्यावरची पोळी उलटतेस ना, तशी."

"माझी पोळी फाटते, काकू."

"दिसतंच आहे. पुन्हा."

महिनाभर लीनानं जीभ उलटली. बसमध्ये, आंघोळीला, गणिताच्या तासाला. आणि एके दिवशी पिठाचा डबा देताना ती सहज म्हणाली, "काकू, चाळून देऊ?" दोघीही थांबल्या. काकूंनी गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला.

मग काय विचारता. लीना ळ उधळत सुटली. शाळा, केळं, सकाळ, आभाळ. आणि एवढ्यावर भागेना म्हणून बाळदी, फुळं, आणि "मी हाजरा रोडवरून चाळत आले."

"चालत, बाई, चालत," काकू म्हणायच्या. "मिळाला म्हणून सगळ्यांना वाटत सुटलीस."

तरी त्या वर्षी गणपतीत तिनं स्टेजवर उभं राहून मराठीत कार्यक्रमाची घोषणा केली. तिच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. लीनाला वाटलं, या सगळ्याचे आभार मानायचे तर कुणाचे मानू? काकूंचे मानावेत, काकांचे मानावेत, की त्या पितळी पक्ष्याचे?

पण त्याच घरात एक भांडण शिजत होतं, आणि ते टीव्हीवरून होतं.

टीव्ही काकूंचा. शनिवारी संध्याकाळी बंगाली सिनेमा लागे, आणि काकू तो गजरा माळून बघत. केस्ट्रल आल्यापासून शनिवारी संध्याकाळीच काकांना काहीतरी सुचायचं. "पाच मिनिटं गं," म्हणत ते तार बदलत आणि पडद्यावर रडणाऱ्या नायिकेच्या जागी आकडे येत. शिवाय कॉम्प्युटरचा प्रोग्राम कॅसेटवरून चढवताना केस्ट्रल किंचाळायची, ते वेगळंच. काकू तिला घार म्हणत. "घारीनं घर धरलंय," त्या आल्यागेल्याला सांगत. "नायिका जगली की मेली, हे मला समोरच्या घरातल्या बौदींना विचारावं लागतं."

भाद्रपद सरता सरता काकांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी ते यंत्र आपल्या कचेरीसाठी मागितलं. ही गोष्ट काकांनी तीन दिवस लपवली, पण चौथ्या दिवशी ते गृहस्थ स्वतःच चहाला आले. ते गेल्यावर काकूंनी कपबश्या गोळा करत शांतपणे सांगितलं, "दसरा झाला की घेऊन जाऊ दे त्यांना."

काकांचा चेहरा उतरला. "अगं, ती अजून शिकतेय. तिला काहीही शिकवता येतं."

"काहीही?"

"काहीही."

"मराठी येतं का तुमच्या घारीला? माझं नाव लिहून दाखवू दे. आपल्या अक्षरांत हं, तुमच्या त्या एबीसीडीत नव्हे. दसऱ्याला दाखवा. लिहिलं तर राहील. नाहीतर गृहस्थांना हातगाडी आणायला सांगा."

लीना दारात होती. काकू बोलल्या की बोलल्या, हे तिला माहीत होतं. काकूंनी एकदा भाजीवाल्याला 'पुन्हा येऊ नको' म्हटलं होतं, तर तो बिचारा आता पलीकडच्या फुटपाथवरून जायचा. घार गेली तर रविवार गेला, तो शांत पांढरा ठिपका गेला. आणि काका? काकांकडे तर बघवत नव्हतं. ते पितळी पक्ष्यावरची धूळ बोटानं पुसत होते, आणि तिथे धूळ नव्हतीच.

"काका," ती जिन्यात कुजबुजली, "जमेल ना?"

"केस्ट्रल आहे ती," काका म्हणाले. पण या वेळी पुढचं भाषण आलं नाही.

केस्ट्रलला फक्त इंग्रजी अक्षरं माहीत होती. बाकी काही हवं तर चौकोन भरून स्वतः काढायचं. आठ आडवे, आठ उभे असे चौकोन घ्यायचे, त्यांतले हवे ते काळे करायचे, मग एकेका ओळीचा एकेक आकडा करून तिला सांगायचा. काका आकडे करणार, लीना अक्षरं काढणार, अशी वाटणी झाली. "तुझं अक्षर मोत्यासारखं आहे," काका म्हणाले. "माझं मराठी बघून माझे वडील रडायचे."

नाव काय, हे विचारायची गरजच नव्हती. काकूंच्या मासिकाच्या वेष्टनावर दर महिन्याला इंग्रजीत ते टाइप होऊन येई: Mrs. Kalindi Thatte. लीनानं ते वाचलं आणि तिला क्षणभरही शंका आली नाही. यमुनेचं नाव. संस्कृतच्या बाईंनी सांगितलं होतं, जिचं पाणी काळं ती. काळी, काळिंदी. म्हणजे ज्यांनी आपल्याला ळ दिला, त्यांच्या नावातच तो बसलेला होता! केवढी ही गंमत. तिनं ठरवलं, बाकीची अक्षरं कशीही होवोत, हा ळ असा काढायचा की काकूंनी बघत राहावं.

आणि ळ हेच सगळ्यांत कठीण निघालं. क जमला, द जमला, वेलांट्या जमल्या. आठ चौकोनांत ळचे दोन गोल काही बसेनात. एकदा चष्मा झाला, एकदा मुंगळा. सुचित्रानं बसमध्ये तिची चौकोनांची वही बघितली आणि विचारलं, "एटा आबार की?" म्हणजे, हे आणखी काय? बंगालीत असं अक्षरच नाही. लीनानं समजावून सांगितलं, जीभ उलटून दाखवली. सुचित्रानंही उलटली आणि तिला ठसका लागला.

त्यातून रोज वीज जायची. वीज गेली की केस्ट्रल सगळं विसरायची, आणि कॅसेटवरून पुन्हा चढवताना तिची किंचाळी ऐकून काकू आतून म्हणायच्या, "भूक लागलीय वाटतं घारीला." लीना रोज शाळेतून आली की दप्तर जिन्यातच टाकून काकांकडे जायची. दुर्गापूजेतल्या अष्टमीला सगळी मैत्रीणमंडळी नव्या फ्रॉकमध्ये मंडप बघत हिंडत होती. लीना थत्त्यांच्या जेवणाच्या टेबलावर चौकोन खोडत होती. आणि नवमीला दुपारी ळ जमला. गुबगुबीत, दोन्ही डोळे सारखे. काका त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. "असा ळ केस्ट्रलच्या कारखान्यातसुद्धा कुणी काढला नसेल," ते म्हणाले. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

दसऱ्याच्या दुपारी बाहेर ढाक, म्हणजे बंगाली ढोल, वाजत होते, देवी विसर्जनाला निघायची तयारी चालली होती. काकूंनी घरात सरस्वती मांडून पूजा केली होती. शिवणयंत्राला झेंडूचा हार, काकांच्या जुन्या बेरजेच्या यंत्राला फूल. केस्ट्रलला काही नाही. तिचा निकाल अजून लागायचा होता.

"या आता," काकांनी हाक मारली. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

काकू हात पुसत आल्या आणि उभ्याच राहिल्या. लीनानं कळ दाबली. काळ्या पडद्यावर डावीकडून एकेक अक्षर उमटायला लागलं, टपोरं, पांढरंशुभ्र:

काळिंदी

काका काकूंकडे पाहत होते. लीना काकूंकडे पाहत होती. काकूंनी चष्मा लावला, काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, काकू."

"मी नव्हे. मी कालिंदी. ल. साधा, तुझ्या नावातला." त्या पडद्याजवळ वाकल्या. "हा ळ कुणी घातला?"

लीनाच्या कानांत ढाक वाजायला लागले. पुण्याची सगळी भावंडं एकदम डोलताहेत असं तिला वाटलं. वर्षापूर्वी ती इथूनच जिना चढून वर पळाली असती. "मी," ती म्हणाली. "मला वाटलं, तो तुमचाच असणार. तुम्हीच दिलात ना मला."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांची मान काकांकडे वळली. "आणि तुम्ही हो? इतकी वर्षं संसार केलात. नावात ल आहे की ळ, तेही ठाऊक नाही?"

"मी कधी लिहिलंय?" काका गडबडले. "कागदावर मिसेस थत्ते. घरात अगं. नाव घ्यायची वेळ आलीय का कधी?"

"लग्नात उखाणा घेतला होतात."

"तेव्हा बँड वाजत होता."

काकूंचे ओठ हलले, पण त्यांनी हसू आवरलं. काका मात्र खुर्चीत बसले होते, सदऱ्याची बाही ओढत. सगळ्यांनाच कळलं होतं की पैज पैजच असते, आणि पडद्यावर काकूंचं नाव नव्हतं.

"काकू," लीना म्हणाली, आणि तिचा आवाज कापला नाही याचं तिलाच नवल वाटलं. "चूक घारीची नाही. मी दिलं तेच तिनं काढलं. पुन्हा करू द्या."

"पुन्हा म्हणजे? आणखी आठ दिवस ते चौकोन खोडत बसणार?"

"नाही. एकच अक्षर बदलायचं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तसंच राहतं. त्याला हातही लावायचा नाही."

काकूंना हे काही पटलं नसावं. "शिवताना बाही उलटी लागली तर सगळी उसवावी लागते," त्या म्हणाल्या. "हिचं बरं आहे." त्यांनी पडद्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, मग खुर्ची ओढली. "सरक बघू. माझा ल मीच काढते. तुझ्यावर सोपवला तर आणखी काहीतरी प्रेमानं घालशील."

काकांनी श्वास रोखला. वर्षभरात काकू त्या यंत्रासमोर पहिल्यांदा बसत होत्या.

काकूंनी पेन्सिल घेतली आणि चौकोन भरले, ठामपणे, जणू वाईच्या शाळेत पाटीवर गिरवताहेत. लीनानं आकडे करून दिले. काकूंनी ते एका बोटानं दाबले, प्रत्येक कळ दाबायच्या आधी तिच्याकडे रागानं बघून. पडद्यावर जे आलं ते ल नव्हतं.

"चिंगडी आहे ही," काका हळूच म्हणाले. "कोळंबी."

"तुम्ही गप्प बसा. हा खालचा चौकोन खोड गं. आणि इथे दांडा जरा लांब."

दुसऱ्या खेपेला काकूंनी चुकीची कळ दाबली. घारीनं विचारलं, AGAIN?

"काय म्हणते?"

"पुन्हा? असं विचारते."

"एवढंच? ओरडत नाही?"

"कधीच नाही."

"बरं आहे बाई," काकू पुटपुटल्या आणि पुन्हा आकडे दाबायला लागल्या. तिसऱ्या खेपेला ल आला. जरा वाकडा, पोट पुढे काढून उभा असलेला, पण ल. बाकीची अक्षरं जागची हलली नव्हती. काकू मागे टेकल्या आणि आपल्याच नावाकडे पाहत राहिल्या.

"वाचा आता," त्या काकांना म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण? ढाक थांबलेत. बँडही नाही."

काका उठून उभे राहिले. कान लाल झाले होते. कंपनीबद्दल तासतास बोलणारा हा माणूस तीन अक्षरांसाठी दोनदा खाकरला. "कालिंदी," ते म्हणाले. आणि मग, जणू बरोबर आलं की नाही याची खात्री करायला, पुन्हा एकदा, जरा हळू. लीनानं तोवर वहीत डोकं खुपसलं होतं. काही गोष्टी बघायच्या नसतात, एवढं तिला कळत होतं.

"शनिवारी संध्याकाळी टीव्ही माझा," काकू म्हणाल्या.

"तुझाच," काका म्हणाले.

काकूंनी वहीची पानं उलटली. ळचं पान आलं. लीना ते फाडायला गेली, तर काकूंनी तिच्या हातावर चापट मारली. "राहू दे. एवढा सुरेख काढलायस, आणि फाडतेस? कामाला येईल. तू गोळ्यांची ना? मग त्याची जागा तिथे आहे." त्यांनी कोरं पान काढलं. "माझा ल आहेच, तुझा ळ आहे. न काढायचा राहिला, आणि ग. मात्रेला किती चौकोन लागतात?"

लीनाला काहीतरी मोठं, छान बोलायचं होतं. आभाराचं. ती दोन दिवस त्याची वाक्यं जुळवत होती. आता तिला त्यातलं एकही आठवेना. "दोन," ती म्हणाली. "तीन घेतले तर जास्त चांगली दिसते."

"मग तीन घेऊ."

बाहेर देवीची गाडी निघाली, गल्लीतून जयजयकार झाला. काका खिडकीपाशी गेले आणि परत आले. "अगं," ते म्हणाले, थांबले, आणि तसंच पुढे बोलले, "ते गृहस्थ उद्या येणार आहेत. त्यांना काय सांगू?"

काकूंनी वहीतून डोकं वर काढलं नाही. "सांगा, ती कामात आहे," त्या म्हणाल्या, आणि ग चा दांडा काळा करायला लागल्या.